वीजबिलाचा ग्राफ शिडीसारखा सरळ का चढतोय?

तुम्ही विचारलंय की दुकानाच्या लाईट बिलाचे युनिट मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधलं ग्राफ काढायचं साधन) टाकले तर रेघ दर महिन्याला सरळ वरच जाते, कोड बरोबर असून. कोड बरोबरच आहे हो, रेघेकडे नका बघू, डावीकडच्या आकड्यांकडे बघा. खाली ९८०, त्यावर १,२४०, मग १,१०५ आणि सगळ्यात वर ८७०, असंच आहे ना?

म्हणजे तुमचे आकडे आकडे नाहीतच, अक्षरं आहेत. फाईलमध्ये हजाराच्या पुढे स्वल्पविराम आहे, त्या एका स्वल्पविरामाने पांडाजने (पायथनमध्ये फाईल वाचतं ते साधन) अख्खा कॉलम मजकूर म्हणून वाचला, आणि मजकूर मिळाला की मॅटप्लॉटलिब तो जसा आला तसा एकावर एक रचत जातं, प्रत्येक नवीन नावाला एक पायरी. म्हणून शिडी. एरर येत नाही हीच खरी पंचाईत. मी पण यात एक अख्खा रविवार घालवलाय, पोहे गार झाले तरी उठलो नव्हतो.

फाईल वाचताना थाउजंड्स या पॅरामीटरला स्वल्पविराम द्या, झालं. मग डीटाइप्स, म्हणजे प्रत्येक कॉलमचा प्रकार, छापून बघा, युनिटसमोर ऑब्जेक्ट किंवा एसटीआर (मजकूर) दिसलं तर अजून गडबड आहे, इंट किंवा फ्लोट (आकडे) दिसायला हवं. आडव्या अक्षावर महिन्यांची नावं मजकूर असली तरी चालेल, ती ओळीनेच आहेत. मला विचाराल तर इथे रेघेपेक्षा बार लावा, आपल्या इंदुरात एप्रिल-मेत कूलर दिवसरात्र चालतात ते उंचीवरून लगेच कळतं. फक्त बारचा अक्ष शून्यापासूनच ठेवा, नाहीतर शंभर युनिटचा फरक दुप्पट वाटेल.

ग्राफ फाईलमध्ये साठवणारं सेव्हफिग हे तो पडद्यावर दाखवणाऱ्या शोच्या आधी लिहा, नाहीतर फाईल कोरी निघते.

मराठी नावांच्या जागी चौकोन येतायत ते फॉन्टमुळे, मूळच्या डेजाव्यू सॅन्समध्ये देवनागरी नाही, नोटो सॅन्स देवनागरी किंवा विंडोजचा निर्मला लावा. तरीही माझ्याकडच्या व्हर्जनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, 'युनिट' वाचवत नाही. प्लॉटली हे ग्राफचं दुसरं साधन ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे नीट दिसतं. मला तेवढा खटाटोप नको होता, मी 'युनिट' काढून 'वापर' लिहिलं. 'एप्रिल'चं मात्र काही जमलं नाही, तिथे नुसता ४ टाकलाय.