‘मला काही येत नाही, हे एक दिवस सगळ्यांना कळणार’

चाकण-रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांत नुकतीच लागलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सुरुवातीला पगार, शिफ्ट, साहेब असं बरंच बोलतात आणि मग याच वाक्यापाशी येऊन थांबतात. घरचे वेगळंच विचारत असतात: एवढ्या चांगल्या कंपनीत लागलाय, मग पोरगा असा गप्प का? त्यांपैकी एकाचा अनुभव त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सांगली जिल्ह्यातला, मेकॅनिकलचा. वडील साखर कारखान्यात फिटर. कॉलेजच्या कॅम्पसमधूनच गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून निवड झाली. वर्षभराने कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की होणं. त्याला डिझाइन हवं होतं, मिळालं प्रॉडक्शन. दिवसभर एक्सेलमध्ये आकडे भरायचे, उत्पादनाची लाइन थांबली की धावायचं, संध्याकाळच्या मीटिंगमध्ये आउटपुट का कमी आलं ते सांगायचं. "यात इंजिनिअरिंग कुठंय मॅडम?" असं तो तावातावाने म्हणाला. राजीनामा टाइप करून मोबाइलमध्ये ठेवलेला होता.

मी आधी झोपेचं विचारलं. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, थर्ड, म्हणजे रात्रीची शिफ्ट करून सकाळी खोलीवर यावं तर फर्स्ट शिफ्टवाल्यांचे डबे, अंघोळी, मोबाइल चालू. चार-पाच तासांच्या तुटक झोपेवर महिनोन्‌महिने काढले की कुणालाही स्वतःबद्दल वाईटच वाटतं. उदासीनता तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतली, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का हेही स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. करिअरचं बोलणं त्यानंतर.

इंटरनेटवर वाचून तो म्हणाला, "मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे." पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली ती कर्तबगार स्त्रियांबद्दल: कर्तृत्व सिद्ध झालेलं असूनही आपण नशिबाने इथवर आलो असं वाटणं. तो आजार आहे असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. हल्ली प्रत्येक नवख्याला हे लेबल लावून "तुला सगळं येतं, आत्मविश्वास ठेव" असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. या मुलाला खरोखरच बरंच येत नव्हतं. फिक्श्चर (पार्ट धरून ठेवणारी पकड) कसं सेट होतं, लीक टेस्टला (गळतीच्या तपासणीत) पार्ट नापास का होतो, टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) कमी आला तर नेमकं कुठे पाहायचं, हे चार वर्षांच्या पदवीत फारसं कुणी शिकवत नाही. न येणं साहजिक होतं. त्रास ते लपवण्याचा होता, आणि त्या लपवण्यातून काय झालं हे तिसऱ्या भेटीत बाहेर आलं.

लाइनवर लीक टेस्टचं रिजेक्शन वाढलं होतं. साहेबांनी त्याला व्हाय-व्हाय करायला सांगितलं. म्हणजे एकामागून एक ‘का’ विचारत मूळ कारणापर्यंत जायचं. लाइनवर जाऊन विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून त्याने जागेवर बसून जुना रिपोर्ट उघडला आणि त्यावरून लिहिलं: कारण, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, उपाय, रिट्रेनिंग. रिपोर्ट पास झाला. त्या स्टेशनवर वीसेक वर्षं काम केलेले आयटीआयवाले एक काका होते. त्यांना नव्याने ट्रेनिंगला बसवलं. तेव्हापासून ते त्याच्याशी बोलेनासे झाले, मग लाइनही बोलेनाशी झाली.

हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "पप्पा घरी त्यांच्या साहेबांबद्दल काय बोलायचे?" बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "एक साहेब होते, त्यांना काही माहीत नसायचं आणि सगळं खालच्यांवर ढकलायचे. पप्पा जेवताना त्यांच्यावर चिडायचे." पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

मी त्याला धीर एकवटायला सांगितलं नाही. एकच काम दिलं: काकांची माफी मागायची आणि "मला समजत नाहीये, दाखवाल का?" एवढं विचारायचं. वाक्य आम्ही मोठ्याने म्हणून पाहिलं, दोनदा त्याचा आवाज अडकला. काकांनी पहिल्या दिवशी उडवून लावलं. पुढच्या आठवड्यात स्वतःच हाक मारली आणि फिक्श्चरची लोकेटिंग पिन, म्हणजे पार्ट नेमक्या जागी बसवणारी पिन, दाखवली. झिजलेली होती, त्यामुळे पार्ट किंचित तिरका बसायचा आणि सील नीट दाबली जात नव्हती. काकांनी हे आधी तोंडी सांगितलं होतं, पण कागदावर कुणी घेतलं नव्हतं. आता आधीचा रिपोर्ट चूक आहे हे साहेबांना सांगणं आलं. साहेब चिडले, चारचौघांत बोलले. पण पिन बदलली गेली आणि नव्या रिपोर्टमध्ये काकांचं नाव गेलं.

नवख्या इंजिनिअरांना मी आवर्जून सांगते: पहिलं वर्ष-दीड वर्ष प्रश्न विचारायची मुभा असते. पाचव्या वर्षी तोच प्रश्न विचारायला फार जड जातं. मोठ्या कंपनीत प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा लहानसा तुकडा येतो, म्हणून अलीकडचा-पलीकडचा तुकडा मुद्दाम जाऊन पाहावा लागतो. तो कुणी बोलावून दाखवत नाही.

राहिला बॉन्ड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरावे लागतील असा कंपनीशी केलेला करार. ‘कोर्टात बॉन्डला किंमत नसते’ असं मित्र सांगतात, त्यावर विसंबू नका. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये हा करार सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवला. प्रत्येक बॉन्ड तसाच टिकेल असंही नाही. भरपाई वाजवी असावी लागते. सही केलेला कागद वकिलाला दाखवा आणि मगच ठरवा. त्याने दाखवला, आणि राजीनामा तूर्त पाठवला नाही. डिझाइनच्या अंतर्गत जागेसाठी कन्फर्मेशननंतर अर्ज करणार आहे.

झोप थर्ड शिफ्टच्या आठवड्यात अजून बिघडते. खोली बदलून शिफ्ट जुळणाऱ्या दोघांबरोबर राहायचं ठरलंय, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा भेटणार आहोत. ज्यांना असं कुणाशी बोलायला जवळपास सोय नाही, त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.