आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल आता शिक्षा होते का?

आत्महत्येचा प्रयत्न केलेले, रत्नागिरीत मासेमारी करणारे आपले काका रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांना अटक होईल का, असे आपण विचारले आहे. तशी भीती बाळगू नये. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होता. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ ने, उलट सिद्ध होईपर्यंत, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे कलमच उरले नाही. (लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ नुसार आजही गुन्हा आहे.) पोलिसांनी जबाब घेतला आणि सावकाराने किंवा कोणी छळ केला असेल, तर त्याबद्दल मोकळेपणाने सांगावे.

माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. अशा प्रसंगामागे एकच कारण क्वचितच असते. तरीही खलाशांना दिलेली उचल (आगाऊ रक्कम), डिझेल आणि बर्फाची उधारी डोक्यावर असताना पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेली राहते, तेव्हा घरातला कर्ता पुरुष कोणाशी बोलतही नाही. सावकार विनापरवाना असेल, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. काकांना सध्या एकटे ठेवू नका. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते.