दिवा पिवळा, कर्ज पाच लाखांचं

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. २०१४ ची, हजार सीसीची पेट्रोल गाडी आहे. ८६ हजार किलोमीटर झाले. दिवाळीत चिपळूणहून, माझ्या माहेराहून परत येताना कुंभार्ली घाट चढून कोयनानगरच्या पुढे आलो आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी मात्र व्यवस्थित चालत होती. चार दिवसांनी दिवा आपोआप गेला आणि तीन आठवड्यांनी परत लागला. सकाळी गाडी चालू केली की थोडा वेळ टिकटिक आवाज येतो, मग थांबतो. बाकी तक्रार नाही. सर्व्हिस सेंटरने कागदावर ‘पी०४२०’ लिहून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचे ४१,५०० रुपये सांगितले. मोठे दीर म्हणतात, एवढे पैसे जुन्या गाडीत घालू नका, पंधरा वर्षांनी ती भंगारातच जाणार. नवीन गाडी ऑन रोड ७,४०,००० ला बसते. जुनीचे १,३०,००० मिळतील, मुलीच्या ठेवीतले १,१०,००० मोडू आणि पाच लाखांचं कर्ज काढू. दोघांचे मिळून महिन्याला ५८ हजार येतात, घराचा हप्ता १४,२०० आहे. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. काय करावं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे पाहिले, दुसऱ्यांदा त्या टिकटिक आवाजापाशी थांबलो. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण मला वाटतं तुमच्या पत्रातली सगळ्यात महागाची ओळ तीच आहे.

आधी दिव्याचं. हा दिवा लागला म्हणजे अमुक पार्ट गेला, असं नसतं. गाडीतल्या कॉम्प्युटरला धुराच्या बाबतीत काहीतरी खटकलं, एवढंच तो सांगतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला, धुरातले घातक वायू कमी करणारा डबा. पी०४२० हा कॉम्प्युटरने नोंदवलेला कोड, आणि त्याचा अर्थ ‘कन्व्हर्टर अपेक्षेइतकं काम करत नाही असं दिसतंय’ असा आहे. ‘दिसतंय’ हा शब्द सर्व्हिस सेंटरच्या कागदावर आला नाही, आणि ४१,५०० रुपये त्या एका शब्दाचे आहेत. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. पुढच्याचा व्होल्टेज सारखा नाचत असतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये. कन्व्हर्टर ठणठणीत असेल तर मागचा शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की कॉम्प्युटर हा कोड नोंदवतो. पण मागचा सेन्सर नाचायला इतरही कारणं असतात. सेन्सर म्हातारा झालेला असतो, इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग नीट पेटत नसतात, किंवा सायलेन्सरच्या लाइनमध्ये कुठेतरी बारीक फट पडून बाहेरची हवा आत ओढली जाते.

थंड इंजिनावर येणारी आणि गरम झाल्यावर थांबणारी टिकटिक हे त्या फटीचं जुनं लक्षण आहे. इंजिनाला सायलेन्सरची लाइन जिथे जोडली जाते तिथलं गॅस्केट (जोड घट्ट बंद ठेवणारी पट्टी) गेलं किंवा एखादा बोल्ट ढिला झाला की थंडपणी तिथून हवा फुटते. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज बंद होतो. मी मेकॅनिक नाही, आणि इथे बसून तुमच्या गाडीचं निदान करत नाही. पण गॅस्केट मजुरीसकट बहुतेक ठिकाणी दोन-तीन हजारांत होतं. ते न बघता कन्व्हर्टर बदलला तर नव्या कन्व्हर्टरवरही महिन्याभरात तोच दिवा लागू शकतो.

दिवा आपोआप गेला हे गूढही फार मोठं नाही. असा दोष बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला की दिवा लागतो आणि सलग तीन फेऱ्या दोष दिसला नाही की विझतो. कोड मात्र त्यानंतरही बरेच दिवस मेमरीत राहतो. त्यामुळे घाटात लागला म्हणजे घाटाने बिघडवला असं नाही. तो कदाचित कराडच्या बाजारात जाऊन-येऊनच लागायच्या बेतात आला असेल.

आता घरचंच एक उदाहरण. माझ्या जुन्या गाडीत असाच दिवा लागला होता. गॅरेजवाल्याने अंदाजाने एक सेन्सर बदलला, मग दुसरा. अकरा हजार गेल्यावर तिसऱ्या माणसाने बोनेट उघडलं, टॉर्च मारली आणि उंदराने कुरतडलेली वायर दाखवली. टेप आणि थोडी वायर मिळून त्याने दोनशे रुपये घेतले. तेव्हापासून पार्ट बदलायच्या आधी मी तपासणीचे पैसे वेगळे देतो आणि ते खुशीने देतो.

तुमच्यासाठी तपासणी अशी. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला ठेवा, म्हणजे सकाळी थंड इंजिनावर आवाज ऐकता येईल. ज्याच्याकडे स्कॅनर आहे आणि जो सेन्सरचं चालू रीडिंग दाखवायला तयार आहे, असा मेकॅनिक गाठा. सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर फडकं धरलं की फटीतून फुसफुस ऐकू येते. गॅस्केटपाशी काळी काजळी असेल तर डोळ्यांनीही दिसते. प्लग काढून बघायला सांगा. तुमचा पीयूसीचा कागदही काढा. तुमची पेट्रोल गाडी बीएस-४ (धुराचं सरकारी मानक) असेल तर सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची, मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची, म्हणजे हायड्रोकार्बनची, २०० पीपीएम (दहा लाखांत दोनशे भाग) असते. नळी नीट आत घालून तपासणी केली असेल (हे ‘असेल’ मोठं आहे, ठाऊक आहे) आणि आकडे मर्यादेच्या खूप खाली असतील, तर कन्व्हर्टर पार मेला असण्याची शक्यता कमी. या सगळ्याला हजारभर रुपये लागतील असं धरा.

कोणी ‘कन्व्हर्टर आतून रिकामा करून देतो, दोन हजारात काम’ म्हणालं तर नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि पुढे पीयूसीत अडकाल. आणि शेवटी खरंच कन्व्हर्टर बदलावा लागलाच, तर जुना परत मागा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाले त्याचे चांगले पैसे देतात. हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

आता नव्या गाडीचा हिशोब. पाच लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण १०,५०० रुपये. म्हणजे १,३०,००० नुसतं व्याज. घराच्या हप्त्यासकट २४,७०० रुपये दर महिन्याला बांधले जातात, उत्पन्नाच्या ४२-४३ टक्के, आणि तेही मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावर. ७,४०,००० तल्या गाडीची शोरूमची किंमत ६,४०,००० च्या आसपास असणार, बाकी बहुतेक रोड टॅक्स आणि विमा. ते दुसऱ्या दिवशीच गेले. विमा कंपन्या पाचव्या वर्षी गाडीची किंमत शोरूमच्या निम्मी धरतात, म्हणजे ३,२०,०००. किमतीतली घट आणि व्याज मिळून पाच वर्षांत साडेपाच लाख, वर्षाला एक लाख दहा हजार. यात पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि पुढच्या वर्षांचा विमा धरलेलाच नाही.

जुनीचं सगळ्यात वाईट चित्र काढू. कन्व्हर्टरचे पूर्ण ४१,५०० गेले, शिवाय दरवर्षी २५ हजार दुरुस्तीला लागले आणि आज १,३०,००० ला जाणारी गाडी तीन वर्षांनी ६० हजारांनाच विकली गेली. तरी तीन वर्षांचा खर्च १,८६,५०० होतो, वर्षाला ६२ हजार. वाईटातलं वाईट धरूनही नव्यापेक्षा वर्षाला जवळजवळ पन्नास हजारांनी कमी.

मायलेजचा मुद्दा तुम्ही लिहिला नाही, पण शोरूममध्ये तो ऐकवलाच असणार. वर्षाला साडेसहा हजार किलोमीटर धरू. जुनी लिटरला १६ आणि नवी २२ देत असेल तर ११० लिटर वाचतात. १०५ रुपये दराने साडेअकरा हजार. महिन्याला हजार रुपये वाचवायला साडेदहा हजारांचा हप्ता!

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागाच्या आहेत. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, म्हणजे तुमची २०२९ मध्ये, आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, गाडी भंगारात द्यावी लागत नाही.

एका कारणासाठी मात्र मी तुम्हाला अडवणार नाही. गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. तुमच्या मॉडेलला ते नसण्याची शक्यता बरीच आहे आणि तुम्ही मुलीला घेऊन कुंभार्ली उतरता. त्यासाठी गाडी बदलायची असेल तर ते मला पटतं. पण मग तो निर्णय दोन-तीन वर्षांचं नियोजन करून घ्या, पिवळ्या दिव्याच्या धसक्याने नको. मुलीची ठेव अजिबात हलवू नका. बँकेत महिन्याला सहा हजारांची आरडी लावा. तीन वर्षांत २,१६,००० आणि वर व्याज जमेल. तेवढं कर्ज कमी. (ठेव पतसंस्थेत असेल तर त्यावर बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं, हेही एकदा बघा. तो वेगळा विषय आहे.)

तपासणीत इंजिन ऑइल खातंय, इंजिनातला दाब (कॉम्प्रेशन) गेलाय किंवा खालचा पत्रा गंजून कुजलाय असं निघालं आणि दुरुस्ती साठ हजारांच्या वर चालली, तर माझं मत बदलेल. तेव्हाही नवीन नको, तीन-चार वर्षं वापरलेली, एअरबॅग असलेली गाडी बघा. पॅकेज पॉलिसीवर (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा विमा) क्लेम घेतला नसेल तर जुनी देताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलच्या सवलतीचं, पत्र घ्यायला विसरू नका. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीवर लावता येतो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात सवलत ५० टक्क्यांपर्यंत असते. गाडी देऊन टाकायच्या घाईत लोकांच्या हे लक्षातच येत नाही.

तोवर चिपळूणला जायचं झालं तर दिवा पिवळा आणि स्थिर असताना गाडी जाईल; ऑइल-पाणी बघून निघा. तोच दिवा लुकलुकायला लागला तर मात्र वेग कमी करून बाजूला थांबा. तेव्हा पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जात असतं आणि आज चांगला असलेला कन्व्हर्टर त्या एका घाटात जळू शकतो. लाल ऑइलचा किंवा तापमानाचा दिवा लागला तर लगेच इंजिन बंद करा आणि वाटेतल्या पाटणच्या मेकॅनिकला तिथेच बोलवा.