वाचकांचे प्रश्न : ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले?

प्रश्न : अमळनेरजवळच्या आमच्या शाळेतील मुले विचारतात, ‘गो’चा भूतकाळ ‘गोड’ न होता ‘वेन्ट’ का होतो? कृपया खुलासा करावा. – एक शिक्षिका, जि. जळगाव

उत्तर : ‘वेन्ट’ हे मुळात ‘गो’चे रूपच नव्हे. वळणे, वाट धरणे या अर्थाचे ‘वेन्ड’ हे वेगळे क्रियापद होते आणि ‘सेन्ड–सेन्ट’, ‘बेन्ड–बेन्ट’ या चालीवर त्याचा भूतकाळ ‘वेन्ट’ होत असे. प्राचीन इंग्रजीत ‘गो’चा, म्हणजे तेव्हाच्या ‘गान’चा, भूतकाळ ‘एओदे’ होता, आणि गंमत अशी की तोही परक्याच धातूचा. तो मागे पडत गेला आणि साधारण 15व्या शतकापर्यंत त्याची जागा ‘वेन्ट’ने घेतली. पुढे ‘वेन्ड’ने आपल्यासाठी ‘वेन्डेड’ हे नवे रूप करून घेतले. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गेड’ असे नियमित रूप आढळते, म्हणजे मुलांची शंका अगदीच अनाठायी नाही.

मुलांना पटवायचे तर घरचेच उदाहरण द्यावे. मराठीतील ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासून, अहिराणीतही ‘जास’ आणि ‘गया’ अशी हीच फारकत दिसते, पण ‘जाला’ का नाही, असे कोणी विचारत नाही.