लग्न पाचगणीला, मधले चार तास तुमचे

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका यायला सुरुवात होते आणि हल्ली त्यांतल्या बऱ्याच पत्रिकांवर पाचगणी-महाबळेश्वरचा पत्ता असतो. वऱ्हाड दोन रात्री मुक्कामाला, कार्यक्रम मात्र मोजके. हळद, संगीत आणि मुहूर्त यांच्या मधल्या मोकळ्या वेळाचं काय करायचं, असं विचारणारे प्रश्न या वेळी सगळ्यात जास्त आले आहेत.

प्रश्न : भाचीचं लग्न आहे. आम्ही पुण्याहून सकाळी दहाला पोचू, हळद संध्याकाळी पाचला. तेवढ्या वेळात टॅक्सी करून सगळे पॉइंट उरकता येतील का?

उरकता येतील, पण तसं करू नका. ‘सगळे पॉइंट’ म्हणजे दर अर्ध्या तासाला गाडीतून उतरायचं, कठड्याला टेकून फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत बसायचं. हळदीला पोचाल तेव्हा सगळे दमलेले असतील आणि लक्षात राहिलेली असेल ती फक्त दरी.

त्याऐवजी भिलारला जा. पाचगणीहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलात की जेमतेम पाच-सहा किलोमीटर. स्ट्रॉबेरी पिकवणारं हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. कल्पना वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ या गावावरून सुचली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि भिलारला पुस्तकं लोकांच्या घरात आहेत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं आणि सुमारे पंधरा हजार पुस्तकं होती. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात चरित्रं, कुठे संतसाहित्य, कुठे मुलांची पुस्तकं. आत काय आहे ते चित्रकारांनी रंगवलेल्या भिंतींवरून बाहेरूनच कळतं. वाचायला पैसे पडत नाहीत.

तिथे कसं वागायचं तेही सांगतो, कारण बरेच जण भिंतीपुढे फोटो काढून परततात. गावातून एक फेरी पायी मारा. आपल्या आवडीचं एक घर निवडा, चपला बाहेर काढा, घरातल्यांना ‘बसू का?’ म्हणून विचारा आणि दीड तास बसा. आत स्वयंपाकाची फोडणी पडत असते, कोणी शेतावरून येऊन हात-पाय धूत असतं आणि आपण पडवीत किंवा ओट्यावर पुस्तक उघडून बसलेलो असतो. असं बसायला फार ठिकाणी मिळत नाही. जेवणाचं आधी सांगून ठेवलं तर काही घरांत भाकरी-पिठलंही मिळतं. साडेतीनला निघालात तरी हळदीला वेळेवर पोचाल.

प्रश्न : मी वधूची आई. साठ पाहुणे आहेत. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. सकाळी सगळ्यांना एकत्र कुठे नेता येईल?

ताई, सगळ्यांना नेऊ नका. आदल्या रात्री संगीत झालेलं असतं, निम्म्या लोकांना झोप हवी असते आणि करवल्यांना केस करून घ्यायचे असतात. एक छोटी बस ठरवा, सकाळी साडेसहाला फाटकाशी उभी करा आणि येतील तेवढ्यांना वाईला पाठवा. पाचगणीहून पसरणी घाट उतरून बारा-तेरा किलोमीटरवर वाई. वाटेतलं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव, एवढं बसमध्ये कुणी सांगितलं तरी मागच्या बाकावरून एखादं गाणं सुरू होतं.

वाईत पहिल्यांदा ढोल्या गणपती. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. गणपती भव्य आहेच, पण पाहुण्यांना देवळाच्या मागे जरूर न्या. मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी त्या टोकाला दुभंगतं आणि गाभाऱ्याला धक्का बसत नाही. बांधणाऱ्याने नदी किती नीट पाहिली असेल ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

मग तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ आणि चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट. वाडा उघडा मिळाला तर भिंतींवरची जुनी चित्रं बघा. पेशवाईचा ‘मेणवली दफ्तर’ म्हणून ओळखला जाणारा कागदपत्रांचा साठा इथलाच. घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तिथली ही घंटा, आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. महादेवाच्या दारातली ही घंटा मुलांना आवर्जून दाखवा. त्यांचे प्रश्न थांबणार नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

बस नऊला उलटी फिरवा, साडेनऊची वाट पाहू नका. शनिवार-रविवारी पसरणी घाटात वाहनांची रांग लागते आणि मामा घाटात अडकले म्हणून मुहूर्त थांबत नाही. अंतरपाट धरायच्या वेळी प्रत्येक माणूस मांडवात हवा. ही अट पाळता येत नसेल तर वाई मांडव परतणीच्या दिवशी करा.

पिशवीत काय भेट द्यावी, हेही तुम्ही विचारलं आहे. महाबळेश्वरचा मध द्या, जांभळाचा किंवा हिरड्याचा. चव थोडी कडवट लागते, तशी चिठ्ठी सोबत ठेवा म्हणजे कुणी भेसळ समजणार नाही.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला खोलीत एकटी ठेवून फिरायला जाणं जिवावर येतं.

ठेवूच नका. मेणवलीच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत. पण पारसी पॉइंट मुख्य रस्त्यालगतच आहे. गाडीतून उतरून थोडं चाललं की खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. सकाळी आठच्या आत न्या, तेव्हा धुकं खोऱ्यात साचलेलं असतं आणि गर्दी नसते. एक घडीची खुर्ची, शाल आणि थर्मासमध्ये चहा बरोबर घ्या. आणि तासभर त्यांच्याजवळ बसा. माझा अनुभव असा, की अशा वेळी म्हातारी माणसं स्वतःच्या लग्नाच्या गोष्टी सांगतात. घरी कधी न सांगितलेल्या.

भिलारलाही त्यांना नेता येईल. गाडी गावात जाते. पायऱ्या नसलेलं घर कोणतं, ते आधी फोन करून विचारून घ्या.

प्रश्न : नोव्हेंबरच्या शेवटी लग्न आहे. कासची फुलं बघता येतील का?

नाही. कासचा बहर साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. नोव्हेंबरअखेर पठार सुकलेलं असतं आणि जाण्या-येण्यात अख्खा दिवस मोडतो. त्या दिवसांत नवी स्ट्रॉबेरी नुकती सुरू होत असते, तिच्याकडे वळा.

प्रश्न : दहा आणि तेरा वर्षांची मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत. त्यांच्यासाठी काय?

टेबल लँड. जांभ्या दगडाचं सपाट पठार, नव्याण्णव एकरांचं. दोन्ही मुलांना सोडून द्या आणि काठाला जाऊ नका एवढंच बजावा. घोड्यावर बसायचंच असेल तर आधी घोड्याची पाठ आणि तोंड बघायला मुलांनाच सांगा. जखम दिसली तर त्यावर बसायचं नाही, हे त्यांना लगेच पटतं. कपडे मात्र लग्नातले नकोत. तांबडी माती कपड्याच्या काठाला लागली की सहज निघत नाही.

त्यानंतर एखादं स्ट्रॉबेरीचं शेत. डिसेंबर ते मार्चमध्ये बरेच शेतकरी तोडणी करू देतात. वाफ्यावर प्लॅस्टिक का अंथरलं आहे, पाणी थेंबाथेंबाने का देतात, रोपं केव्हा लावली, हे शेतकऱ्यालाच विचारा. तो सांगताना मुलं ऐकतात. तोडलेल्या फळांचे पैसे तोलून द्या, घासाघीस नको. आणि एक टोपली लग्नघरी नेऊन नवऱ्या मुलीच्या खोलीत ठेवा. त्या दिवशी तिला जेवायला कुणी विचारलेलं नसतं.