पहिलं लंगोट बदलताना

अगं, हात थरथरतात ते सगळ्यांचेच. आधी सगळं हाताशी घेऊन बस: कोमट पाण्याची वाटी, कापूस, मऊ फडकं, नवीन डायपर. बाळ पलंगावर असताना कपाटाकडे वळायचं नाही, एक हात त्याच्या पोटावर हवाच.

पहिले दोन-तीन दिवस शी काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट असते. घाबरू नकोस. आधी थोडं खोबरेल चोपडून ठेवलंस तर ती पटकन सुटते, घासावं लागत नाही. मुलगी असेल तर पुसायचं पुढून मागे, कधीच उलट नाही. मुलगा असेल तर डायपर काढल्याबरोबर वर फडकं टाक. माझ्या लेकाने थेट सासूबाईंच्या चष्म्यावर कारंजं उडवलं होतं!

नाळ पडेपर्यंत डायपरची वरची कड बेंबीखाली दुमडायची, तिथे ओल नको. पाय घोट्याला धरून फार उंच उचलू नकोस, कुशीवर वळवलेलं बरं. टाल्कम पावडर मात्र अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. ती श्वासातून आत जाते. दुपारी पाच-दहा मिनिटं उघडंच राहू दे, खाली जुनं दुपटं घालून.

पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओली लंगोटं झाली पाहिजेत. कमी झाली तर डॉक्टरांना फोन कर, माझी वाट बघू नकोस.