कार्डाचे दोन टक्के कुणाच्या खिशातून?

प्रश्न : ताई, माझं सायकल दुरुस्तीचं आणि विक्रीचं छोटं दुकान आहे. पूर्वी दहातली दोन गिऱ्हाइकं कार्ड काढायची, आता सहा काढतात. शंभराचं बिल झालं की खात्यात 98 जमा होतात. शेजारचा दुकानदार म्हणतो, बिलाखाली ‘कार्ड शुल्क 2 टक्के’ असं सरळ लिही, आपण का सोसायचं? बायको म्हणते, गिऱ्हाईक तुटेल. कुणाचं ऐकू?
– एक सायकलवाला

उत्तर : बायकोचं. पण शेजाऱ्याची चिडचिड खोटी नाही. नव्या सायकलीवर तुम्हाला दहा टक्के सुटत असतील, तर हे दोन टक्के विक्रीतले दोन असले तरी तुमच्या कमाईतला पाचवा हिस्सा असतात. हे ज्यानं दुकान चालवलेलं नाही त्याला कळत नाही.

मी चौदा वर्षं तसबिरींना फ्रेमा करून दिल्या. एकदा मीही गल्ल्यावर पाटी लावली होती, ‘कार्डावर दोन टक्के जास्त’. आठवड्याभरात एक जुन्या बाई आजोबांचा फोटो न्यायला आल्या. लाकूड महागातलं निवडलेलं, काच चांगली, रकमेबद्दल हूं की चूं नाही. बिलाच्या तळाची ती ओळ दिसली आणि त्यांनी चष्मा लावून बिल पहिल्यापासून वाचायला घेतलं. काचेचे एवढे? मागच्या पुठ्ठ्याचे वेगळे? शेवटी म्हणाल्या, रोख घेऊन येते. तीन आठवडे आजोबा माझ्या भिंतीला टेकून उभे. ते दोन टक्के अख्ख्या बिलावर संशय आणून गेले. पाटी त्याच संध्याकाळी काढली.

शिवाय ते गणितही फसवं असतं. शंभरावर दोन लावलेत तर मशीन 102 वर कापतं, म्हणजे 2.04. हातात येतात 99.96. चार पैशांसाठी कुणी रडत नाही, पण बदनामी पत्करूनही भरपाई पुरती होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्याआधी नियम बघा, कारण तो देशोदेशी वेगळा आहे. युरोपियन संघात आणि ब्रिटनमध्ये 13 जानेवारी 2018 पासून सर्वसामान्य ग्राहकांच्या कार्डांवर असं वेगळं शुल्क लावताच येत नाही. अर्थात युरोपनं 2015 च्या नियमानं कापल्या जाणाऱ्या पैशातल्या, गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्यालाही लगाम घातला होता : डेबिटला 0.2 टक्के, क्रेडिटला 0.3. ऑस्ट्रेलियानं 2003 मध्ये दुकानदारांना मोकळीक दिली. मग काही जण खर्चाच्या कितीतरी पट उकळायला लागले, म्हणून 2016 मध्ये ‘प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नाही’ असा कायदा करावा लागला. शेजाऱ्याच्या तोंडी सल्ल्यावर पाटी रंगवू नका.

मग करायचं काय? तुमच्या धंद्याचे दोन भाग आहेत, त्यांना एकच औषध लावू नका. पंक्चर, ब्रेक, तेलपाणी यांत तुमची मजुरी मोठी आणि माल थोडा, तिथे दोन टक्के जाणवतही नाहीत. जाणवते ती दर व्यवहारामागे कापली जाणारी ठरावीक रक्कम, असली तर. लहान बिलाला तीच खाते. अशा कामांचे दर जरा वाढवून सरळ आकड्यावर आणा आणि विषय संपवा. किती वाढवायचे? दहातले सहा कार्डवाले साधारण सारख्याच रकमेची बिलं करत असतील, तर एकूण धंद्यावर खर्च सव्वा टक्क्याच्याही किंचित खालीच येतो, दोन नाही.

रोखवाल्यांवर यात थोडा अन्याय होतो, हे मान्य. पण रोकडही फुकट नसते हो. सुट्टे आणणं, रात्री गल्ला मोजणं, बँकेतली रांग, एखादी खोटी नोट. माझा रोजचा अर्धा तास त्यात जायचा आणि त्याचं बिल मी कुणाला लावलं नाही.

नवी सायकल मात्र वेगळी. तिथे किंमत कार्डाचा खर्च धरूनच लिहा आणि खात्यात थेट पैसे भरणाऱ्याला किंवा रोख देणाऱ्याला सूट द्या, नियमात बसत असेल तर. तुम्ही म्हणाल, गणित तेच. तेच आहे! पण सूट ऐकून माणूस हसतो आणि शुल्क ऐकून चष्मा लावतो. या दोन शब्दांवरून अमेरिकेत एका केशकर्तनालयासह काही व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यूयॉर्कच्या कायद्यानं सूट चालत होती, शुल्क नाही. 2017 मध्ये न्यायालयानं म्हटलं की हा कायदा किंमत कशी सांगायची यावर, म्हणजे बोलण्यावरच बंधन घालतो.

आणि हे सगळं करण्याआधी मशीनवाल्याचं महिन्याचं स्टेटमेंट काढा. कापलेल्या पैशात तिघांचे वाटे असतात : गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी आणि तुम्हाला मशीन देणारा. पहिल्या दोघांपुढे तुमचं-माझं चालत नाही, तिसऱ्यापुढे चालतं. मशीनचं भाडं, किमान मासिक आकार, ‘इतर’ नावाची एखादी ओळ, सगळ्यांवर पेन्सिलीनं गोल करा. दुसऱ्या कुणाकडून लेखी दर मागवा आणि तो समोर ठेवून आपल्या मशीनवाल्याला फोन लावा. सकाळी लावा. दुपारनंतर तिकडे कुणी अधिकारी माणूस भेटत नाही, असा माझा अनुभव.